कोलोरॅडो २०१३: आमदार गेले, कायदा राहिला

१० सप्टेंबर २०१३ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स यांना त्यांच्याच मतदारांनी मुदत संपायच्या आधी घरी बसवलं, आणि फरक किती, तर ३१९ मतांचा. त्याच रात्री पुएब्लोच्या सिनेटर अँजेला हिरोन पण गेल्या, पण त्या काही थोडक्यात नाही गेल्या, ५६ विरुद्ध ४४ टक्के, म्हणजे चांगलाच दणका. दोघंही डेमोक्रॅट, दोघांचा गुन्हा एकच, बंदुकांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्यांना पाठिंबा दिला. निवडून दिलेल्या माणसाला मधेच परत बोलावायची, म्हणजे रिकॉलची तरतूद कोलोरॅडोच्या घटनेत १९१२ पासून आहे, पण राज्याच्या आमदारावर ती चालवून बघायची वेळ शंभर वर्षांत आली नव्हती.

या प्रकरणावर दोन ठरलेल्या गोष्टी ऐकायला मिळतात. एक म्हणजे "बंदूकवाल्या लॉबीने पैसे ओतले आणि लोकशाहीचा खून केला", दुसरी म्हणजे "जनता जागी झाली आणि माजलेल्या सरकारला धडा शिकवला". मला दोन्ही अर्धवट वाटतात. माझ्या मते विधिमंडळाने लोकांना नाही म्हणायचे बाकीचे रस्ते आधीच बंद करून टाकले होते, त्यामुळे जो एकच रस्ता उघडा राहिला त्यावर सगळी गर्दी लोटली, आणि तो रस्ता कायद्याकडे जातच नव्हता, माणसाकडे जात होता. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हे. आता सविस्तर बघू.

आधी पार्श्वभूमी. कोलोरॅडोला गोळीबार नवीन नाही, १९९९ ला कोलंबाइन शाळेत १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. मग २० जुलै २०१२ ला ऑरोरा गावातल्या सिनेमागृहात मध्यरात्रीच्या शोला एकाने गोळीबार केला, १२ जण ठार, सत्तरच्या आसपास जखमी. त्याच्याकडच्या एका रायफलला १०० गोळ्यांचं ड्रम मॅगझिन होतं, आणि ते मधेच अडकलं म्हणून आणखी माणसं वाचली, हा मुद्दा पुढे सगळ्या चर्चेत राहिला. डिसेंबरात कनेटिकटमध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीत कोलोरॅडोची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे आली होती, हाऊस (खालचं सभागृह) ३७-२८, सिनेट २०-१५, गव्हर्नर जॉन हिकनलूपर पण त्यांचेच. म्हणजे आता नाही तर कधी, असा मामला.

२०१३ च्या अधिवेशनात बंदुकांची बरीच विधेयकं आली, त्यातली दोन मुख्य. पहिलं, १५ पेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला बंदी, आधीपासून ज्याच्याकडे आहे त्याने ठेवायला हरकत नाही. दुसरं, दुकानातूनच नाही तर खासगी व्यवहारात बंदूक हातातून हातात गेली तरी घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणी सक्तीची, जवळच्या नातेवाईकांना आणि ७२ तासांपर्यंतच्या उसनवारीला सूट. शिवाय त्या तपासणीची फी गिऱ्हाइकाने भरायची.

आपल्याला, म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यात वाढलेल्या लोकांना, जिथे साध्या परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात खेटे घालावे लागतात, हे फारच किरकोळ वाटेल. १५ गोळ्या पुरत नाहीत का रे बाबांनो, असं आपसूक तोंडात येतं. पण तिथल्या माणसाला राग नेमका कशाचा आला ते समजून घ्यायचं तर मॅगझिनच्या विधेयकातला एक बारकावा बघावा लागतो. कायद्यात लिहिलं होतं की ज्या मॅगझिनची क्षमता सहज वाढवता येईल अशी त्याची रचना आहे, ते पण बंदीत. आता मॅगझिन म्हणजे काय, एक पेटी, आत स्प्रिंग, आणि तळाला एक झाकण, साफसफाईसाठी ते झाकण काढता येतं. काढता येतं म्हणजे तिथे जोडतुकडा लावून क्षमता वाढवता पण येते. मग अक्षरशः वाचलं तर बाजारातलं जवळपास प्रत्येक मॅगझिन बेकायदा, दहा गोळ्यांचं सुद्धा. करणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, पण कागदावर होतं. शेवटी राज्याचे अॅटर्नी जनरल जॉन सदर्स यांना खुलासा काढावा लागला की नुसतं तळाचं झाकण निघतं म्हणून मॅगझिन बंदीत येत नाही. वर परत जुनं मॅगझिन कायदा येण्याआधीचं आहे हे ठरवायचं कसं, त्यावर काही तारीख छापलेली असते असं नाही. ग्रामीण भागातले शेरीफ, म्हणजे तिथल्या काउंटीचे (जिल्ह्याचे) पोलीसप्रमुख, उघड म्हणायला लागले की आम्ही हे राबवणार कसं, आणि पुढे ६४ काउंट्यांपैकी पन्नासहून जास्त ठिकाणचे शेरीफ राज्याविरुद्ध कोर्टात गेले. ज्यांनी कायदा राबवायचा तेच फिर्यादी. दृश्य बघण्यासारखं होतं.

त्यात मॅगपुल. एरी गावातली ही कंपनी प्लॅस्टिकची मॅगझिन बनवायची, तिने सांगून टाकलं की हा कायदा आला तर आम्ही राज्य सोडतो. लोकांना वाटलं नेहमीची धमकी. नव्हती, २०१४ च्या सुरुवातीला कंपनीने जाहीर केलं की कारखाना वायोमिंगला आणि मुख्यालय टेक्सासला. नोकऱ्या गेल्याच.

पण मूळ ठिणगी कायद्याच्या मजकुरापेक्षा तो कसा पास झाला यात जास्त आहे असं माझं वाचन. ४ मार्च २०१३ ला सिनेटच्या दोन समित्यांनी एकाच दिवशी सात विधेयकांवर सुनावणी ठेवली. राज्यभरातून लोक गाड्या काढून राजधानी डेन्व्हरला आले, कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या भोवती हॉर्न वाजवत फेऱ्या चालू, वर विमान बॅनर घेऊन घिरट्या घालतंय, आत जिने आणि व्हरांडे भरलेले. आणि साक्षीला वेळ किती, तर एका विधेयकावर एका बाजूला ९० मिनिटं. शेकडो लोक तासन्‌तास थांबून न बोलता परत गेले. यातल्या एका समितीच्या अध्यक्ष होत्या हिरोन. दुसरीकडे मोर्स टीव्हीवर सांगून बसले की मी सहकाऱ्यांना सल्ला दिलाय, येणारे ईमेल वाचत बसू नका. त्यांची बाजू अशी होती की ईमेल शिव्यांनी आणि धमक्यांनी भरलेले होते, आणि ते खोटं नव्हतं, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. नंतर सह्या गोळा करताना लोक बंदुकीचं जेवढं बोलले तेवढंच "आमचं ऐकूनच घेतलं नाही" हे बोलले.

त्यातच फेब्रुवारीत हाऊसमध्ये मतदान चालू असताना उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन सुट्टीला कोलोरॅडोत होते, त्यांनी तिथून काही डेमोक्रॅट आमदारांना फोन केले. फोन करणं काही गुन्हा नाही. पण "वॉशिंग्टनहून रिमोट चाललाय" हे पटवायला विरोधकांना आणखी काही करावंच लागलं नाही.

मॅगझिनचं विधेयक सिनेटमध्ये १८-१७ ने पास झालं, म्हणजे दोन डेमोक्रॅट पण विरोधात गेले. मोर्सचं स्वतःचं एक विधेयक होतं, हल्ल्याच्या प्रकारातल्या बंदुका बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकणारं, ते मतं नाहीत म्हणून त्यांनीच मागे घेतलं. २० मार्चला हिकनलूपर यांनी सह्या केल्या. आदल्याच रात्री राज्याच्या तुरुंग खात्याचे प्रमुख टॉम क्लेमेंट्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं होतं. त्या सकाळचे फोटो बघितले तर गव्हर्नरचा चेहरा उतरलेला दिसतो.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला भाग. कोलोरॅडोत मतदारांकडे विधिमंडळाला लगाम घालायची बरीच हत्यारं आहेत. आमदाराला सलग किती वेळा बसता येईल यावर मर्यादा आहे, अधिवेशन १२० दिवसांचंच, १९९२ च्या घटनादुरुस्तीमुळे कर वाढवायचा तर लोकांना विचारावंच लागतं (ती दुरुस्ती पण मोर्स यांच्याच कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावच्या डग्लस ब्रूस यांची, त्या गावाच्या पाण्यातच काहीतरी आहे). आणि नवीन कायदा आवडला नाही तर सह्या गोळा करून तो थेट मतदानाला लावायचा हक्क पण आहे. हा हक्क वापरला असता तर प्रश्न सरळ आला असता, १५ गोळ्यांची मर्यादा हवी की नको, राज्यभर मत द्या, विषय संपला. पण त्याला एक पळवाट आहे. विधिमंडळाने कायद्याच्या शेवटी "सार्वजनिक शांतता, आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी तातडीने आवश्यक" असं एक कलम जोडलं की तो कायदा लोकांना मतदानाला लावता येत नाही. हे कलम तिथे अगदी सर्रास जोडतात, दोन्ही पक्ष जोडतात, कुठल्याही किरकोळ विधेयकाला सुद्धा. बंदुकांच्या या दोन्ही कायद्यांनाही ते होतं, म्हणूनच ते १ जुलैपासून लागू होऊ शकले, नाहीतर अधिवेशन संपल्यावर ९० दिवस थांबावं लागलं असतं.

मग उरलं काय? स्वतःचा प्रस्ताव मांडून कायदा रद्द करायचा, तर तसले प्रस्ताव विषम वर्षांत येऊच शकत नाहीत, तेव्हा फक्त करांचे आणि पैशांचे विषय, म्हणजे नोव्हेंबर २०१४ पर्यंत थांबा. कोर्ट, तिथे वर्षं जातात. आणि रिकॉल, जो लगेच करता येतो आणि ज्याला कारण सिद्ध करावं लागत नाही. काही राज्यांत रिकॉलसाठी गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर असं काही तरी दाखवावं लागतं. कोलोरॅडोत नाही. अर्जावर २०० शब्दांत कारण लिहायचं, आणि ते कारण पटण्यासारखं आहे की नाही याचे न्यायाधीश फक्त मतदार, असं घटनेतच आहे. म्हणजे नुसतं मत आवडलं नाही एवढं कारण पण चालतं. खिडकी बंद केली की दार फुटतं तसं झालं, आणि ती खिडकी कुठल्या लॉबीने नाही, सभागृहातल्याच लोकांनी सवयीने बंद केलेली होती.

सुरुवातीला चौघांवर रोख होता. मोर्स, हिरोन, वेस्टमिन्स्टर-अर्वाडा भागातल्या सिनेटर ईव्ही ह्यूडॅक, आणि डुरँगोचे हाऊसमधले माईक मॅकलाकलन. शेवटच्या दोघांविरुद्ध सह्या पुरल्या नाहीत. यात आकड्यांची एक गंमत आहे जी नीट बघायला हवी. नियम असा की त्या जागेसाठी मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या २५ टक्के सह्या हव्यात. मोर्स निवडून आले २०१० ला, म्हणजे अध्यक्षीय निवडणूक नसलेल्या वर्षी, त्यांच्या मतदारसंघात मतदान कमी, म्हणून सह्या लागल्या फक्त ७,१७८. हिरोन पण २०१० च्याच, त्यांना ११,२८५. ह्यूडॅक २०१२ ला ओबामांच्या लाटेत आलेल्या, तेव्हा रांगा लागलेल्या, त्यामुळे त्यांच्यासाठी सह्या लागत होत्या जवळपास १९ हजार. सभागृह तेच, मत तेच, अधिकार तोच, पण एकाला पाडायला दुसरीच्या निम्म्याहून कमी सह्या. आणि बरोबर सगळ्यात स्वस्त पडणारा माणूस सिनेटचा अध्यक्ष निघाला.

मोर्स हे पण काही पुस्तकी माणूस नाहीत. पॅरामेडिक, पोलीस, मग फाउंटन गावाचे पोलीसप्रमुख, शिवाय अकाउंटंट. बंदूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण कोलोरॅडो स्प्रिंग्ज म्हणजे लष्कराचं शहर, फोर्ट कार्सन, हवाई दलाची अकादमी, मोठमोठ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती संस्था. त्यातला शहराचा मधला भाग आणि मॅनिटू स्प्रिंग्ज एवढाच डेमोक्रॅट्सना जरा बरा, तिथेही ते २०१० ला काठावर वाचले होते. पुढच्या निवडणुकीला त्यांना उभं राहताच येत नव्हतं, मुदतमर्यादा संपत आलेली. म्हणजे थोडं थांबले असते तर ते आपोआप जाणारच होते. थांबायचं नव्हतं, कारण माणूस घालवण्यापेक्षा बाकीच्यांना दिसायला हवं होतं.

पुएब्लोचं गणित एकदम वेगळं. ते पोलाद कारखान्याचं गाव, युनियनचं, कॅथलिक, मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचं. तिथे नोंदणीत डेमोक्रॅट रिपब्लिकनांपेक्षा कितीतरी जास्त, २०१२ ला ओबामांनी हा मतदारसंघ आरामात जिंकलेला. पण हाच डेमोक्रॅट मतदार शनिवार-रविवारी ट्रकमध्ये रायफल टाकून शिकारीला जातो, आजोबांची बंदूक नातवाकडे येते. डेन्व्हरच्या पक्ष कार्यालयाला हा माणूस यादीत "आपला" दिसत होता. इथली मोहीम प्लंबिंगचा धंदा करणाऱ्या दोन भावांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी चालवली, राजकारणाचा अनुभव शून्य. सह्या बहुतेक हौशी लोकांनी गोळा केल्या, आणि मतदारयादीशी जागेवरच ताडून घेत गेले, त्यामुळे १३ हजार ४०० च्या वर दिलेल्या सह्यांतल्या १२,६४८ वैध ठरल्या. कोलोरॅडो स्प्रिंग्जला पैसे देऊन माणसं लावली होती, तिथे १६ हजारांच्या वर सह्या दिल्या आणि वैध ठरल्या १०,१३७. भाड्याचा उत्साह आणि घरचा उत्साह यातला फरक त्या दोन आकड्यांत आहे. निकालातही तोच फरक दिसला.

सह्या मान्य झाल्यावर दोघांनी कोर्टात धाव घेतली, अर्जाचा नमुना चुकीचा, त्यात बदली उमेदवार (काढलेल्या आमदाराच्या जागी येणारा) निवडायची मागणी लिहिलेली नाही वगैरे. जुलैत डेन्व्हरच्या न्यायाधीशांनी ते फेटाळलं आणि १० सप्टेंबर तारीख पडली. खरा गोंधळ पुढे झाला. मे महिन्यात याच डेमोक्रॅट विधिमंडळाने कायदा केला होता की इथून पुढे प्रत्येक मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी. कोलोरॅडोत बहुतांश लोक तेव्हाही टपालानेच मत देत होते. पण घटनेतलं १९१२ चं कलम म्हणतं की रिकॉलमध्ये बदली उमेदवार मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत अर्ज भरू शकतो. घोडागाडीच्या काळात ठीक होतं. आता १५ दिवस आधी नावंच पक्की नसतील तर मतपत्रिका छापणार कधी आणि पोस्टात टाकणार कधी? लिबर्टेरियन हा छोटा तिसरा पक्ष कोर्टात गेला, १२ ऑगस्टला निकाल आला की घटना वरचढ, उमेदवारांना मुदत द्या. टपाल मतदान बोंबललं. सगळ्यांनी केंद्रावर येऊन मत द्यायचं. आणि कहर म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्या लिबर्टेरियन उमेदवारांना शेवटी पुरेशा सह्याच जमल्या नाहीत, छापील मतपत्रिकेवर बदली म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच नाव राहिलं, रिपब्लिकनाचं. कोलोरॅडो स्प्रिंग्जला बर्नी हर्पिन, पुएब्लोला निवृत्त पोलीस अधिकारी जॉर्ज रिव्हेरा.

त्याच घटनेत आणखी एक अट होती, की परत बोलवायचं का या प्रश्नाला हो-नाही उत्तर दिलं नसेल तर बदली उमेदवाराला दिलेलं मत मोजायचं नाही. गव्हर्नरने राज्याच्या सुप्रीम कोर्टाला विचारलं, कोर्ट म्हणालं ही अट देशाच्या घटनेच्या विरोधात आहे. म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर नियमच ठरत होते.

पैशाचं म्हणाल तर तो बंदूकवाल्यांनी जास्त ओतला ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मोर्स-हिरोनच्या बाजूने साडेतीन लाख डॉलर दिले, लॉस एंजेलिसचे उद्योगपती एली ब्रॉड यांनी अडीच लाख, बंदूकधारकांची राष्ट्रीय संघटना एनआरए हिने समोरच्या बाजूला साडेतीन लाखांच्या वर. एकूण हिशोबात रिकॉलच्या विरोधकांनी समर्थकांच्या कितीतरी पट खर्च केला आणि तरी हरले. ब्लूमबर्गचा चेक उपयोगी पडण्यापेक्षा नडला असं मला वाटतं, पुएब्लोत तर नक्कीच, कारण समोरच्यांचा प्रचारच हा होता की न्यूयॉर्कचा अब्जाधीश आपल्या गावात कायदे करतोय.

निकाल. मोर्सना काढायच्या बाजूने ९,१३१, ठेवायच्या बाजूने ८,८१२. २०१० ला त्यांना निवडून देताना १३ हजारांहून जास्त मतं पडली होती, आणि काढायला ९ हजार पुरली. मतदान साधारण पाचातल्या एकाने केलं. इथे प्रक्रियेला दोष द्यायला जागा आहे, टपालाने मतपत्रिका गेल्या असत्या तर ३१९ चा फरक टिकला असता का, मला शंका आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षांनी तर सरळ मतदार दडपल्याचा आरोप केला. पण हाच युक्तिवाद पुएब्लोला लावायला गेलं की तो गळून पडतो. तिथे ३४ हजारांहून जास्त लोक केंद्रांवर गेले, २०१० च्या एकूण ४५ हजारांच्या मानाने सप्टेंबरातल्या एकट्यादुकट्या निवडणुकीला हे काही कमी नाही, आणि फरक चार हजारांहून जास्त. तिथे डेमोक्रॅटांनीच डेमोक्रॅटाला काढलं. टपाल असतं तरी हिरोन हरल्या असत्या असं माझं मत. त्यांनी नंतर मुलाखतीत मतदार दडपल्याचं कारण पुढे केलं, ते मला पटलेलं नाही.

सिनेट २०-१५ वरून १८-१७ वर आली. आता आणखी एक गेला की बहुमत पलटणार. लगेच ह्यूडॅक यांच्याविरुद्ध दुसऱ्यांदा सह्या सुरू. ४ मार्चच्या सुनावणीत बलात्कारातून वाचलेल्या एका तरुणीने बंदूक जवळ असती तर वाचले असते असं सांगितलं, तेव्हा ह्यूडॅक तिला म्हणाल्या होत्या की आकडेवारी तुमच्या बाजूने नाही. नंतर माफी मागितली, पण तो व्हिडिओ फिरतच राहिला. नोव्हेंबरात, सह्या दाखल व्हायच्या आधीच, त्यांनी राजीनामा दिला. कारण राजीनाम्याने जागा रिकामी झाली तर पक्षाची समितीच बदली नेमते, रेचल झेंझिंगर आल्या, जागा पक्षाकडेच. बुद्धिबळात वजीर देऊन डाव वाचवण्यातला प्रकार. मोर्स आणि हिरोनलाही हा रस्ता होता, सह्या मान्य झाल्यावर राजीनाम्यासाठी पाच दिवस मिळतात, पण त्यांनी लढायचं ठरवलं. तत्त्व म्हणून मला मोर्स आवडतात, हिशोब म्हणून ह्यूडॅक बरोबर होत्या. आणि एक प्रश्न उरतोच, मतदारांनी मागितलेलं उत्तर पक्षाच्या खोलीत बसून दिलं, तर मग रिकॉलने लोकांच्या हातात नेमकं काय आलं?

त्याच महिन्यात ग्रामीण भागातल्या ११ काउंट्यांनी कोलोरॅडोपासून वेगळं राज्य मागायचं का यावर मतदान घेतलं. त्यातली सगळ्यात मोठी वेल्ड काउंटी नाही म्हणाली, काही छोट्या हो म्हणाल्या, पुढे काही झालं नाही. पण वातावरण किती तापलं होतं ते कळतं.

आता पुढचं, जे लोक सहसा सांगत नाहीत. नोव्हेंबर २०१४ ला नेहमीच्या निवडणुकीत, नेहमीच्या मतदारांपुढे, हर्पिन पण हरले आणि रिव्हेरा पण हरले. दोन्ही जागा चौदा महिन्यांत डेमोक्रॅट्सकडे परत. गंमत म्हणजे त्याच रात्री दुसरीकडच्या जागा जिंकून रिपब्लिकनांनी सिनेट मात्र घेतली, १८-१७. मॅगझिनचा कायदा रद्द करायचे प्रयत्न झाले, ते हाऊसमध्ये अडकले. २०२० ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो कायदा एक दिवससुद्धा थांबला नाही.

पण भीती मात्र लागू झाली, आणि तीच खरी मर्यादा. २०१९ पर्यंत कोलोरॅडोत बंदुकांवर मोठं काही आलं नाही. एक तर सिनेट रिपब्लिकनांकडे होती हे कारण आहेच, सगळं श्रेय रिकॉलला देता येणार नाही. पण २०१९ ला धोकादायक व्यक्तीकडून कोर्टाच्या आदेशाने बंदूक काढून घ्यायचा कायदा आला तेव्हा पुएब्लोचे सिनेटर आणि सिनेटचे अध्यक्ष झालेले लिरॉय गार्सिया यांनी आपल्याच पक्षाच्या त्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. मोर्सचीच खुर्ची, हिरोनचाच मतदारसंघ. मी त्यांच्या मनात शिरलेलो नाही, पण २०१३ त्यांना आठवत नव्हतं असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. तरीही त्यांच्याविरुद्ध रिकॉल काढलाच, तो बारगळला तो वेगळा भाग.

त्याच वर्षी हाऊसमधले टॉम सलिव्हन यांच्याविरुद्ध पण रिकॉल काढला. हे तेच, ज्यांचा मुलगा अॅलेक्स ऑरोराच्या सिनेमागृहात २७ व्या वाढदिवसाला मारला गेला. ती मोहीम सुरू करणाऱ्यांनीच काही आठवड्यांत गुंडाळली. या माणसाला भीती दाखवणार कशाची? २०१३ ला चाललेलं हत्यार २०१९ ला का चाललं नाही याची कारणं शोधत बसलं तर बरीच सापडतील, राज्य आणखी डेमोक्रॅट झालं, टपाल मतदानाची भानगड २०१४ च्या कायद्याने मिटवली, वगैरे. पण रिकॉलचा सगळा जोर पहिल्या वेळच्या धक्क्यात असतो हे मला जास्त खरं वाटतं. याआधी कॅलिफोर्नियात १९९४ ला सिनेटचे नेते डेव्हिड रोबर्टी यांच्यावरही बंदुकांच्याच कायद्यावरून रिकॉल आला होता, ते वाचले, पण त्यात पैसा आणि वेळ गेला आणि त्याच वर्षी खजिनदारपदाची पक्षांतर्गत निवडणूक हरले.

आपल्याकडे अण्णा हजारेंनी २०११ च्या आंदोलनानंतर परत बोलावण्याचा अधिकार मागितला होता तेव्हा आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप काकांनी, माझ्यासकट, टाळ्या वाजवल्या. आमदार-खासदारासाठी तो कधी आलाच नाही, पाच वर्षं त्यांना कुणी हात लावू शकत नाही (ते स्वतःच पक्ष बदलतात ती गोष्ट निराळी). पण खालच्या पातळीवर आहे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलवायचं तर आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी करावी लागते, मग लोक भरलेली खुर्ची की रिकामी खुर्ची यावर मत देतात. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांशाने अविश्वास आणला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो मंजूर व्हावा लागतो. दोन चाळण्या. यात गावचे पुढारी एकमेकांना धरून राहिले तर चांगला राग पण अडकतो, हे मान्य, पण ७,१७८ सह्यांत सभागृहाचा अध्यक्ष अडचणीत येईल असं होत नाही. मला विचाराल तर कोलोरॅडोने रिकॉल काढून टाकायची गरज नव्हती आणि चाळण्या लावायची पण नाही. त्यांनी फक्त ते "तातडीने आवश्यक" कलम ऊठसूट जोडणं बंद केलं असतं तर २०१३ चा प्रश्न राज्यभरच्या मतपत्रिकेवर गेला असता. तिथे मॅगझिनची मर्यादा पडली असती की टिकली असती, सांगता येत नाही. ते कलम जोडायची सवय पुढेही गेली नाही. सलिव्हन मात्र २०२२ ला सिनेटमध्ये गेले, आणि काढता येण्याजोग्या मॅगझिनच्या बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका घ्यायच्या तर आधी प्रशिक्षण आणि शेरीफची परवानगी हवी, असा २०१३ पेक्षा कितीतरी कडक कायदा एप्रिल २०२५ मध्ये त्यांनीच पुढे राहून करून घेतला.